वह्या आधी, मोबाइल नंतर

या वेळचे पत्र तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेतील एका शिक्षिकेचे आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव देत नाही. पत्रात 'रुब्रिक' हा शब्द येतो, तो म्हणजे मुलांच्या कामाला गुण देण्यासाठी केलेला निकषतक्ता. पत्राचा गाभा त्यांच्याच शब्दांत असा:

"आमच्या केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख) मागच्या शिक्षण परिषदेत 'ऑनलाइन साधनांच्या साहाय्याने रुब्रिक तयार करणे' या विषयावर दीड तासाचे सत्र घेण्यास मला सांगितले होते. मी गूगल क्लासरूममध्ये रुब्रिक कसे तयार करतात ते प्रोजेक्टरवर दाखवले, एक तयार नमुना व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रत्येक शाळेने आपले रुब्रिक पाठवावे असे ठरले. शुक्रवारी अकरा शाळांची अकरा रुब्रिके आली. त्यांतील नऊ माझ्याच नमुन्याच्या नकला होत्या. फक्त शाळेचे नाव बदललेले होते, आणि एका शाळेने तर तेही बदलले नव्हते. एक ज्येष्ठ गुरुजी भर सत्रात म्हणाले, 'बाई, सव्वीस वर्षं वह्या तपासतोय, वही उघडली की कळतं मला.' मला उत्तर सुचले नाही. पुढच्या परिषदेत हेच सत्र पुन्हा माझ्याकडे आहे. आता कोणते साधन दाखवू? ज्या शाळांत रेंज नाही त्यांचे काय? आणि गुरुजींना काय सांगू?"

बाई, त्या नऊ रुब्रिकांमुळे तुम्हाला जे वाईट वाटले, ते मनातून काढून टाका, कारण सत्रात जे शिकवले गेले तेच शिक्षकांनी केले. बटण कुठे आहे, तक्ता कसा उघडतो, ओळी कशा वाढवतात आणि तयार नमुना कुठे मिळतो हे तुम्ही दाखवलेत. त्यांनी बटण शोधले, नमुना घेतला आणि मुदतीत पाठवून दिला. चौकटींत काय लिहायचे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण तुमच्या नमुन्याने तो आधीच सोडवून ठेवला होता. पुढच्या सत्रात हा एकच प्रश्न उघडा ठेवलात आणि पहिला तासभर कुणालाही मोबाइल हातात घेऊ दिला नाहीत, तर निम्मे काम झाले असे समजा.

ज्येष्ठ मंडळी 'रुब्रिक' या शब्दालाच बिचकतात, म्हणून आधी तो शब्द जरा खाली उतरवावा. लॅटिनमध्ये 'रुब्रिका' म्हणजे तांबडी माती, आपला गेरू. युरोपातील हस्तलिखितांत मथळे आणि सूचना लाल शाईने लिहीत, त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडच्या पोथ्यांतही 'उवाच' आणि अध्यायसमाप्तीच्या ओळी हिंगुळाने लाल केलेल्या दिसतात, तेव्हा लाल शाईवाल्या आपल्या जमातीला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. वर्गापुरते बोलायचे तर रुब्रिक म्हणजे निकषतक्ता. एका बाजूला कामात काय पाहायचे ते निकष, दुसऱ्या बाजूला दर्जाचे स्तर, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत त्या स्तराचे काम प्रत्यक्षात कसे दिसते याचे वर्णन. निकषांची आणि स्तरांची नावे कुणीही पाच मिनिटांत लिहील. सगळी कसोटी लागते ती चौकटीतल्या वर्णनात, आणि तुमच्या केंद्रात नक्कल झाली तीही नेमकी त्याचीच.

हे सारे कशासाठी, हे शिक्षकांना वेगळे पटवून द्यावे लागणार नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय ही साधनतंत्रे प्रत्येकाच्या तोंडी आहेत. त्या निर्णयाने पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकवता-शिकवता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनाचा भार शंभरपैकी ७० ठेवला, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४०. लेखी चाचणीला उत्तरसूची असते, म्हणून तिचे गुण देताना हात थरथरत नाही. प्रकल्पाला मात्र एकाला २० पैकी १४ आणि शेजारच्याला १६ दिले, तर ते मधले दोन गुण कशाचे, हे पालकाने विचारल्यावर आपण सगळेच "एकूण काम बघून" असे काहीतरी पुटपुटतो. रुब्रिकची गरज त्या पुटपुटण्यापाशी आहे. चाचणीचे, शब्दलेखनाचे किंवा पाढ्यांचे रुब्रिक करण्यात कुणाचाही वेळ घालवू नका.

आता सत्राच्या तयारीकडे वळू. मुलांच्या एकाच कामाचे सात-आठ नमुने मिळवा, पण ते आपल्या केंद्रातील शाळांचे नसावेत, म्हणजे अक्षर ओळखून कुणी अवघडणार नाही. नावे झाकून त्यांच्या झेरॉक्स काढा आणि प्रत्येक गटाला एक संच द्या. काम असे निवडा की सर्वांना त्यातले कळते. तुमच्या तालुक्यात 'बेदाणा कसा तयार होतो' हा सहावीचा क्षेत्रभेटीचा प्रकल्प मला योग्य वाटतो, कारण बेदाणा सुकवण्याच्या शेडवर न गेलेला शिक्षक तिथे शोधून सापडणार नाही. नमुने निवडताना मात्र एक काळजी घ्या. एक वही अशी असू द्या की अक्षर मोत्यासारखे, चित्रे रंगवलेली, समास आखलेला आणि आत काही नाही. दुसरी अशी असू द्या की पान डागाळलेले, ओळी वाकड्या, आणि मजकूर मात्र खणखणीत.

या दुसऱ्या वहीचा आग्रह मी का धरते ते सांगते. अध्यापक विद्यालयात शिकवायला लागण्यापूर्वी मी काही वर्षे एका शाळेत होते. तिथे प्रकल्पासाठी मी स्वतः एक तक्ता केला होता आणि त्याचा मला बराच अभिमान होता. २० पैकी ५ गुण 'स्वच्छता व टापटीप' यासाठी होते. एका मुलाच्या वहीवर हळदीचे पिवळे बोट उमटलेले होते, कडा तेलकट झाल्या होत्या. मी टापटिपीत त्याला १ गुण दिला आणि तो वर्गात खूप खाली गेला. हळद शिजवण्यापासून पॉलिश करण्यापर्यंतची सगळी माहिती त्याने घरच्या कामात हात घालून, तिथेच बसून लिहिली होती. ज्यांच्या वह्या स्वच्छ होत्या, त्यांनी ती पुस्तकातून उतरवली होती. म्हणजे माझ्या तक्त्याने काम करणाऱ्याला शिक्षा केली आणि उतरवणाऱ्याला बक्षीस दिले, तेही अगदी नियमाने आणि कुणावरही अन्याय होत नसल्याच्या थाटात. चुकीचा निकष तक्त्यात बसला की त्याला वजन येते आणि मग तो चुकीचा वाटेनासा होतो. टापटीप हवी असेल तर ती जरूर शिकवावी, पण प्रकल्पातून मूल काय शिकले हे मोजताना तिला चौथाई वाटा देऊ नये.

तर सत्र सुरू झाले की संच वाटा आणि गुण न देता वह्यांचे तीन ढीग करायला सांगा: भक्कम, मधले आणि अजून काम हवे असलेले. गुण द्यायचे नाहीत म्हटल्यावर माणसे मोकळी होतात. इथेच तुमच्या गुरुजींना पुढे बोलवा. ते खरे बोलत आहेत. सव्वीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाला वही उघडली की कळतेच. जे कळते ते शब्दांत कधी मांडावे लागलेले नसते, एवढाच प्रश्न आहे. त्यांना आठ वह्या द्या, ढीग करू द्या आणि प्रत्येक वही ठेवताना "ही इथे का?" एवढेच विचारा. एका तरुण शिक्षकाला त्यांची वाक्ये जशीच्या तशी, बोलीसकट, फळ्यावर लिहायला बसवा. वाक्ये साधारण अशी येतील: "हिनं शेडवरच्या माणसाला विचारलंय बघा." "ह्यानं द्रावणात बुडवायचं लिहिलंय, पण का ते नाही." "हे सगळं पुस्तकातलं, पोरगं शेडवर गेलेलंच नाही." "ह्याचं वाळवण आधी आणि बुडवणं मागनं, उलटंच झालंय."

फळा भरला की मागे सरकून सर्वांना तो वाचायला सांगा. पहिल्या वाक्यात एक निकष आहे, तो म्हणजे माहिती कोठून मिळवली. दुसऱ्यात दुसरा आहे, कारण सांगता येते का. चौथ्यात तिसरा, कामाचा क्रम. 'आकर्षक मांडणी' हा शब्द त्या फळ्यावर बहुधा येणारच नाही, आणि व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या प्रत्येक नमुन्यात तो पहिल्या ओळीत असतो. निकष तीन किंवा चार निघाले की थांबा. सातवा-आठवा निकष निघायला लागला की समजावे, मंडळी आता वह्या सोडून आठवणीतले सुविचार लिहू लागली आहेत.

यानंतर चौकटी लिहायच्या. इथे घाई करू नका, सत्राचा सर्वांत मोठा वाटा इथे जाऊ द्या. तुमच्या पत्रासोबत आलेल्या नमुन्यातील एक ओळ अशी आहे: 'माहितीचे सादरीकरण – अत्यंत प्रभावी, प्रभावी, साधारण, अप्रभावी.' ही ओळ घेऊन कुणालाही विचारा की प्रभावी आणि अत्यंत प्रभावी यांच्या मध्ये काय आहे, आणि उत्तर येईल, 'अत्यंत'. अशा ओळीने गुण देणारा शिक्षक जुन्या पद्धतीनेच अंदाज करतो, फक्त आता त्याच्या अंदाजाला चौकट मिळालेली असते. गुरुजींच्या वाक्यांवरून 'कामाचा क्रम आणि कारणे' हा निकष घेतला तर त्याच्या चार चौकटी अशा होतील.

चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या स्तराला: 'घड शेडवर येण्यापासून बेदाणा पेटीत भरेपर्यंतचे टप्पे योग्य क्रमाने सांगितले आहेत आणि निदान दोन टप्प्यांची कारणे स्वतःच्या शब्दांत दिली आहेत.' तिसऱ्याला: 'टप्पे योग्य क्रमाने आहेत, पण कारण एखाद्याच टप्प्याचे दिले आहे.' दुसऱ्याला: 'बहुतेक टप्पे आहेत, मात्र एखादा गाळला आहे किंवा क्रम उलटसुलट झाला आहे.' पहिल्याला: 'शेडवर जे दिसले त्याची सुटी वाक्ये आहेत, ती एकमेकांना जोडलेली नाहीत.'

कारण म्हणजे काय, हेही शिक्षकांनी आपसांत ठरवून घ्यावे. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, कारण सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर निघून जाते. जाळ्यांवर सावलीतच सुकवतात, कारण उन्हात रंग काळपट होतो. मुलाने यातले काही त्याच्या भाषेत लिहिले, 'औषधात बुडवल्यावर साल पाणी सोडती' असे लिहिले, तरी ते कारणच आहे आणि चौथ्या स्तरात बसते. प्रमाणभाषेचा निकष हवा असेल तर वेगळा करा. तो या ओळीत चोरपावलांनी शिरता कामा नये.

त्या चार चौकटींत 'चांगले', 'सुंदर', 'योग्य रीतीने', 'समाधानकारक' यांतला एकही शब्द नाही, हे शिक्षकांच्या लक्षात आणून द्या. 'योग्य क्रमाने' आहे, पण तिथे योग्य म्हणजे काय हे शेडवर जाऊन तपासता येते. आणि सर्वांत खालची चौकटही मुलाने काय केले तेच सांगते. 'काहीही जमत नाही' हे कुठल्याच मुलाचे वर्णन नसते, आणि तसे लिहिणारा शिक्षक त्या मुलाला पुढे काय शिकवायचे तेही लिहीत नसतो. स्तर चार ठेवा असे मी सुचवते, कारण तीन ठेवले की आपल्यातील भित्रे लोक सगळ्यांना मधल्यात टाकून मोकळे होतात. पहिली-दुसरीला मात्र दोन किंवा तीन पुरे.

आता मोबाइल बाहेर काढू द्या. तुम्ही विचारलेत, कोणते साधन. माझे मत असे की पहिल्या खेपेला गूगल फॉर्म आणि त्यामागची शीट, म्हणजे उत्तरे जिथे जमा होतात तो तक्ता, एवढेच दाखवावे. फॉर्ममध्ये 'ग्रिड' नावाचा प्रश्नप्रकार असतो आणि रुब्रिक म्हटल्यावर सगळ्यांचा हात प्रथम तिकडे जातो. तो टाळा. ग्रिडमध्ये वरची शीर्षके सर्व ओळींना सारखीच लागतात, म्हणून तिथे 'स्तर ४, स्तर ३' एवढेच लिहिता येते आणि ज्यासाठी तासभर घाम गाळला ती वर्णने बाहेर राहतात. त्याऐवजी प्रत्येक निकषासाठी एक साधा बहुपर्यायी प्रश्न करा आणि चार पर्यायांत चार चौकटींची पूर्ण वाक्ये घाला. प्रत्येक वाक्याच्या आधी स्तराचा आकडा लिहा, कारण लांब वाक्य पडद्यावर अर्धवट कापले जाते आणि आकडा असला की ओळखू येते. टंकायचा कंटाळा असलेल्यांनी कळफलकावरचे माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे, मोबाइल बऱ्यापैकी नीट लिहितो. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फाइलीतून मजकूर उचलणाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर इथे चिकटवला की अगम्य अक्षरे उमटतात.

फॉर्म तयार झाला की सर्वांनी एकच वही घ्यावी, ती मोत्यासारख्या अक्षराची, आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर, शेजाऱ्याशी न बोलता, स्तर निवडून पाठवावा. मिनिटभरात 'प्रतिसाद' या भागात प्रत्येक निकषाचा गोल आलेख प्रोजेक्टरवर दिसेल. तो क्षण तुमच्या सत्राचा कळस समजा आणि त्या वेळी काही बोलू नका. वीस शिक्षकांनी एकाच वहीला एकाच निकषात चारही स्तर दिलेले पाहिले की खोली आपोआप बोलू लागते. १९१२ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोघांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या होत्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी शंभरपैकी ५०-६० दिले होते, तर कुणी ९५ च्याही वर. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका तशीच तपासायला दिली आणि तिथेही गुण भलतेच पांगले. भूमितीत तरी एकमत होईल, हा भ्रम त्यामुळे गेला. ही गोष्ट सांगायची असेल तर आलेख दाखवून झाल्यावर सांगा. आधी सांगितलीत तर प्रत्येकाला वाटेल की ती अमेरिकेतल्या लोकांची गोष्ट आहे.

ज्या निकषात मते सर्वांत जास्त पांगली तेवढाच निकष चर्चेला घ्या. बहुतेक वेळा दोष शिक्षकांचा नसतो, चौकटीचा असतो. 'निदान दोन टप्प्यांची कारणे' असे न लिहिता नुसते 'कारणे' लिहिलेले असते, आणि एक कारण पाहून एकजण वर जातो, दुसरा खाली. वाक्य दुरुस्त करा आणि डागाळलेली वही घेऊन पुन्हा पाठवा. दुसऱ्या आलेखात बहुतेक सगळे एका-दोन शेजारच्या स्तरांत आले की ती चौकट वर्गात न्यायला तयार झाली. ऑनलाइन साधनाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. हेच कागदी चिठ्ठ्यांनी करता येते, फक्त वीस चिठ्ठ्या मोजून फळ्यावर मांडेपर्यंत चहा येतो आणि चर्चा हातची जाते.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे आणि तो ऐकल्यावर तुमच्या केंद्रातील शिक्षक मनापासून पुढे सरसावतील. वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाच्या प्रकल्पासाठी हाच फॉर्म भरला की शीटमध्ये मुलाच्या हजेरी क्रमांकासमोर निवडलेली पूर्ण वाक्ये जमा होतात. म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दल लिहायच्या वर्णनात्मक नोंदीचा कच्चा मसुदा आपोआप तयार होतो. सत्राच्या अखेरीस तयार नोंदींच्या पुस्तिकेतून 'अभ्यासात रस घेतो', 'वर्गकार्य वेळेत पूर्ण करतो' असे उतरवत बसण्यापेक्षा 'टप्पे योग्य क्रमाने सांगतो, कारण एखाद्याच टप्प्याचे देतो' ही नोंद पालकालाही काही सांगते आणि पुढच्या वर्गाच्या बाईंनाही. अर्थात चौघांची नोंद शब्दशः सारखी येईल, म्हणून त्यापुढे त्या मुलाचे असे एक वाक्य हाताने जोडावे, एवढी तोशीस घेतलीच पाहिजे. शीटमध्ये बेरीज करायची असेल तर गुणांचे आकडे इंग्रजी अंकांत टंकावेत. देवनागरी अंकांना शीट अक्षरे समजते आणि बेरीज शून्य दाखवते, मग अर्धा तास सूत्रात चूक शोधण्यात जातो.

गूगल क्लासरूमचे रुब्रिक ज्यांच्या शाळेत मुले खरोखर तिथे काम पाठवतात त्यांच्यासाठी ठीक आहे. ते संगणकावरच तयार करावे लागते, मोबाइलवर होत नाही. एका रुब्रिकमध्ये ५० पर्यंत निकष आणि प्रत्येकाला १० पर्यंत स्तर घेता येतात, आणि ही उदारताच घातक आहे. गुण द्यायला सुरुवात झाल्यावर त्यात बदल करता येत नाही, म्हणून वह्यांवर कसोटी लावून मगच ते भरावे. शीटच्या रूपात बाहेर काढून दुसऱ्या शिक्षकाला देता येते, हे मात्र उपयोगाचे आहे. सहावीच्या मुलांच्या हाती घरचा एकच मोबाइल आणि तोही वडील द्राक्षबागेतून परत आल्यावर, अशा शाळांना यातले काहीही सांगण्याची गरज नाही.

चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांचा विषय कुणीतरी काढणारच. नको म्हणू नका, नाहीतर ते घरी जाऊन गुपचूप वापरतील आणि पुढच्या शुक्रवारी अकरा शाळांची अकरा वेगवेगळी, पण सारखीच पोकळ रुब्रिके येतील. 'सहावीच्या प्रकल्पासाठी रुब्रिक दे' असे सांगितले की तीस सेकंदांत देखणा तक्ता येतो आणि त्यात 'प्रभावीपणे', 'सखोलपणे', 'सुसंगतपणे' अशी क्रियाविशेषणे ओळीने उभी असतात. तो छापून वाटा आणि शिक्षकांना लाल पेनाने अशी प्रत्येक जागा खोडायला सांगा. उरते किती ते पाहा. व्यायाम म्हणून याच्याइतका चांगला नमुना तुम्हाला स्वतः लिहूनही मिळणार नाही. पुढे कुणाला खरोखर मदत घ्यायची असेल, तर मुलांची तीन लेखने, नावे काढून, टंकून द्यावीत आणि त्यांच्यात काय फरक दिसतो तेवढेच विचारावे. तक्ता स्वतः लिहावा.

नावांचे निघालेच आहे तर एक सूचना. फॉर्ममध्ये मुलाचे नाव, आधार क्रमांक, फोटो यांपैकी काही नको, हजेरी क्रमांक पुरे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरतो. कायदा बाजूला ठेवला तरी 'लिंक असलेल्या कुणालाही दिसेल' या पर्यायावर सोडलेली शीट गावातल्या गटावर फिरायला वेळ लागत नाही. शीट वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापुरती ठेवा.

रेंजचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही, कारण या सगळ्यात रेंज फक्त शेवटच्या वीस मिनिटांना लागते. परिषदेच्या ठिकाणी तीन-चार जणांचे हॉटस्पॉट पुरतात. शाळेत परतल्यावर शीट मोबाइलवर 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवली की वर्गात नोंद करता येते आणि रस्त्यावर रेंज मिळताच ती वर जाते. फॉर्म मात्र रेंजशिवाय पाठवता येत नाही, म्हणून अशा शाळांनी शीटच वापरावी आणि चौकटींचा कागद टेबलाच्या काचेखाली ठेवावा. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र बसतात, तिथे दोन्ही वर्गांना एकच तक्ता चालतो. चौथीच्या मुलाकडून दुसऱ्या स्तराची आणि पाचवीच्या मुलाकडून तिसऱ्या स्तराची अपेक्षा धरली की झाले.

हा तक्ता मुलांना कधी दाखवायचा, हे शिक्षक हमखास विचारतात. शेडवर जाण्याच्या आदल्या दिवशी दाखवावा, आणि मोठ्याने वाचून दाखवावा. 'निदान दोन कारणे' हे आधी ऐकलेले मूल शेडवर गेल्यावर "काका, हे कशाला बुडवता?" असे विचारते. नंतर ऐकलेले मूल फक्त गुण मोजते. समग्र प्रगतीपत्रकात आता स्वतःचे आणि सोबत्याचे मूल्यमापन अपेक्षित आहेच, तेव्हा काम झाल्यावर मुलांनी आपल्या वहीला आपणच स्तर द्यावा आणि मग तुमचा पाहावा. फरक पडला तर ते मूल आणि तुम्ही दोघांनी त्याच चौकटीचे वाक्य बोट ठेवून वाचायचे.

आता गुरुजी. त्यांना उत्तर देऊ नका, काम द्या, ते कोणते हे वर सांगितलेच आहे. तरीही सत्रानंतर चहाच्या वेळी ते पुन्हा म्हणाले की "मला कळतं," तर एवढेच विचारा की पुढच्या बदलीत ते दुसऱ्या तालुक्यात गेले तर त्यांच्या वर्गावर येणाऱ्या नव्या शिक्षिकेला ते कसे कळावे. फळ्यावरची त्यांची वाक्ये तक्त्यात घेताना बोली तेवढी प्रमाणभाषेत आणा, आशय बदलू नका. तक्त्याखाली त्यांचे नाव घालायला ते नको म्हणतील, म्हणून वाचून दाखवताना "हे गुरुजींचं वाक्य" असे म्हणा. आणि त्या झेरॉक्स एकाच बाजूने काढा, मागच्या कोऱ्या बाजूवर शिक्षकांना लिहायला जागा लागते.